मामांच्या पायाखालची फळी

१९७४ सालच्या जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समागच्या नळावर कामाचे कपडे धूत होतो. तेवढ्यात एक आवाज आला. तो इंजिनाचा नव्हता, भोंग्याचाही नव्हता. जाड तार ताणून तिला कोणीतरी चिडवत असावे, तसा होता. मी स्वभावाने भित्रा. कुठेतरी विजेचे काही जळते आहे असे समजून साबण हातात घेऊन तसाच धावलो.

टोकाच्या खोलीत, सगळी शेड ज्यांना मामा म्हणे, ते शमुवेल मामा अनवाणी बसले होते. मांडीवर विजेची गिटार, शेजारी जुन्या रेडिओच्या भागांतून त्यांनी स्वतः जुळवलेला अँप्लिफायर. कोपऱ्यात शेडमधला फिटर इक्बाल ड्रम वाजवत होता. वडगाव रासाईहून येऊन मला लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागून थोडेच दिवस झाले होते. बॉयलर खात्यातल्या मामांना मी तोवर लांबूनच पाहिले होते. गाणारा कुठे आहे, असे मी विचारले. माझ्या ओठांकडे बघत मामा म्हणाले, "गानारा कशाला? शबूद आला की मानूस शबदामागं पळतं. वाजतंय ते ऱ्हातं बाजूला."

मामांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या नोकरीबद्दल आणि चर्चच्या मंडळीतल्या सेवेबद्दल इतर जण लिहितीलच. मी त्यांच्या वाजवण्याबद्दल लिहितो. त्यांचा भाचा जहाजावर नोकरीला होता. त्याने आणलेल्या रॉक संगीताच्या रेकॉर्डींपैकी गाण्याच्या मामांनी परत केल्या आणि नुसत्या वाद्यांच्या ठेवल्या. पुढे ते स्वतः रचू लागले. त्यांची सुरुवात मनमाडकडे निघालेल्या भरलेल्या मालगाडीसारखी जड असे. मग ठोके जवळ येत, आणि अखेरीस छातीत दुसरे काहीच उरत नसे. मी कुलूप लावून पुन्हा ओढून पाहणारा माणूस. कशाची भीती वाटते, हे मला शब्दांत कधी सांगता आले नाही. त्या संगीतात ते सांगावे लागत नव्हते. भीती त्यात तशीच मावत होती. म्हणून मी त्यांच्याकडे दुसरी गिटार शिकलो.

एवढ्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून मामांनी यार्डात डबे हलवताना करतात त्या शंटिंगच्या खुणा आम्हाला लावून दिल्या होत्या. हात हळू खाली म्हणजे सावकाश, दोन्ही हात डोक्यावर म्हणजे थांबा. ही सोय फक्त आवाजासाठी आहे, असेच आम्ही समजत होतो.

तळेगाव ढमढेऱ्यात एका वरातीला आम्ही मांडवापुढे थांबवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहून वाजवत होतो. मामा नेहमीप्रमाणे अनवाणी, पाय फळीवर घट्ट. नवरदेवाचे काका खालून विचारत होते, "गानारा इसरून आला का दौंडात?" पोरे हसत होती. तेवढ्यात वीज गेली. दोन्ही गिटारी मुक्या झाल्या. ड्रमला वीज लागत नाही, म्हणून इक्बाल वाजवत राहिला. आणि मामाही वाजवत राहिले. बोटे तारांवर धावत होती, आवाज काहीच नव्हता, आणि ते माझ्याकडे बघून प्रसन्न हसत होते.

खालचे हसू थांबले. मी दोन्ही हात डोक्यावर धरले.

मामांनी बोटे उचलली. लोकांकडे पाहिले, विझलेल्या दिव्यांच्या माळांकडे पाहिले. मग म्हणाले, "लाईट गेली व्हय? मला वाटलं, आज लईच जमलंय."

परतताना जीपमध्ये त्यांनी सांगितले. बॉयलरच्या पोटात शिरून वर्षानुवर्षे रिव्हेट ठोकले. आधी लोकांचे शब्द पुसट झाले, मग चर्चमधली गीते, मग गिटारीच्या बारीक तारा. आता जड आवाज तेवढा पायातून कळतो. मग माझ्या तोंडाकडे निरखून त्यांनी विचारले, "तुज्या कानात शिट्टी वाजती का रं?"

वाजत होती. एव्हाना मलाही बॉयलरच्याच कामावर लावले होते, आणि हे मी कोणालाच सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन फोरमनसाहेबांपुढे उभे राहिले. तरण्या पोराला काय धाड भरली आहे, असे साहेब म्हणाले. मामा म्हणाले, "साहेब, तोंडाम्होरं हात धरून बोला, आन् बघा मला काय कळतंय ते." साहेबांनी हात धरला नाही. माझी बदली स्टोअरला झाली. पुण्याच्या डॉक्टरांकडेही मामाच घेऊन गेले. उजवा कान थोडा गेला आहे, बाकीचे टिकेल असे वाटते, असे डॉक्टर म्हणाले. त्या "वाटते" या शब्दावर मी आजही सकाळी उठतो, आणि आधी शेजारी मामांच्या घरात मार्थामामींच्या भांड्यांचा आवाज ऐकू येतो का ते पाहतो. मामी म्हणतात, "तुज्यासाठी एखादं मुद्दाम आपटते, म्हंजी चहा तरी निवांत पिशील."

सत्काराच्या दिवशी मामा वाजवणार आहेत. मी त्यांच्यासमोर, त्यांना दिसेन असा उभा राहणार आहे.

शमुवेल मामांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या पायाखालची फळी अशीच थरथरत राहो. मध्येच वीज गेली तर ते त्यांना सांगायला मी असेन. तेवढ्यासाठी माझे कान शाबूत राहावेत, एवढेच मला स्वतःसाठी मागायचे आहे.