नरूदादाचं हातानं लिहिलेलं पंचांग

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्हणजे ग्वाल्हेरात हजीऱ्याच्या आमच्या घरात बसून पुण्यातल्या माणसांशी स्क्रीनवर भांडत होते. "सुमन, हे गेले गं... चहा मागितला आणि घेतलाच नाही," एवढंच ती बोलली. नई सडकेवरच्या त्यांच्या घरी पोचले तर बसायला जागा नव्हती. इतकी माणसं नरूदादाला ओळखत होती हे मला ठाऊक होतं, तरी ती अशी एका जागी कधी पाहिली नव्हती. कुणीतरी म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "आज तिथी कोणती धरायची?" आणि मागून कुणीतरी सवयीनं बोलून गेलं, "नरूला विचारा ना." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

नरूदादा माझा आतेभाऊ. शाळेत गणित शिकवायचा, आणि शिकवताना जेवढा कडक तेवढाच घरी अघळपघळ. कुठल्याही लग्नात पंगत उठेपर्यंत वाढणारा आणि स्वतः शेवटी गार पुरी खाणारा. त्याला कॉम्प्युटरचा नाद लागला तो पन्नाशीच्या आसपास, आणि त्याला कारण झाल्या आमच्या इंदरगंजातल्या एक काकू.

त्याचं असं आहे. आमची घरं दक्षिणेतून फौजेबरोबर इथे आली आणि इथलीच झाली. बोलण्यात निम्मी हिंदी आली, सकाळी पोह्यांच्या जागी डाळ भरलेली बेडई पुरी आली, पण महिने मात्र आम्ही दक्षिणेचे ठेवले. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं. वद्य पक्ष लागला की नावात एका महिन्याचं अंतर पडतं. आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद कृष्ण. घरात कॅलेंडर मात्र किराणा दुकानातून फुकट मिळालेलं, हिंदी. काकांची तिथी श्रावण वद्य नवमी; काकूंनी त्यावर श्रावण कृष्ण नवमी पाहिली, शेजारच्या पंडितजींना बोलावलं आणि काकांचं श्राद्ध महिनाभर आधीच उरकून टाकलं! नरूदादा जेवायला होता. पानावर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण त्यानं काकूंचं जेवण होईपर्यंत चकार शब्द काढला नाही, उलट खीर मागून घेतली. मग हळूच म्हणाला, "काकू, काकांना पुढच्या महिन्यात परत यायचंय बरं का. खीर अशीच करा." काकू आधी रडल्या, मग हसल्या, आणि पुढच्या महिन्यात खरोखर सगळा स्वयंपाक पुन्हा केला.

त्यानंतर त्यानं पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. सूर्य-चंद्रातल्या अंतरावरून तिथी काढायची, महिना आपल्या रीतीनं मोजायचा, आणि घरच्यांना आठवडाभर आधी फोनवर संदेश पाठवायचा, एवढंच त्याच्या वेबसाइटचं काम. ओळ न् ओळ त्यानं स्वतः लिहिली. बघता बघता ग्वाल्हेरातली बहुतेक मराठी घरं त्यात आली. म्हातारी माणसं एकेक करून जात होती आणि नव्या पिढीला वद्य पक्ष म्हणजे काय हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. नरूदादाची वेबसाइट बंद पडली असती तर दोनचार वर्षांत सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरावर गेले असते. हे तो जाणून होता आणि मीही.

म्हणून तर आमची भांडणं. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीतली, माझं म्हणणं साधं होतं: फ्रेमवर्क घे. लॉगिन, फॉर्म, पासवर्ड, संदेश, सगळ्याचा सांगाडा आयता मिळतो आणि तो जगात हजारो लोकांना कळतो; उद्या कुणीही येऊन पुढे चालवू शकतो. नुसत्या भाषेत सगळं हातानं लिहिलंस तर ते फक्त तुलाच कळणार. त्याच्या साइटवर तेव्हा कुणीही दुसऱ्या घराच्या नोंदीत शिरून तिथ्या बदलू शकत होतं, इतकं ते लॉगिन कच्चं होतं. रविवारी बेडई खाता खाता आमची जुंपायची आणि वहिनी रेडिओचा आवाज वाढवायची.

"मामला असा आहे सुमे," तो म्हणायचा, "तुझ्या फ्रेमवर्कमध्ये कोणती चीज कुठून येते ते मला दिसतच नाही ना. माझं बिगडलं तर मला पता असतं कुठे बिगडलं."

"आणि तू नसलास तर कोणाला पता असणार?"

"तू आहेस ना."

"मी नाही वाचणार तुझा तो कोड. डोकं फुटेल माझं."

"फुटू दे. आधीपासून थोडं फुटलेलंच आहे," असं म्हणून माझ्याच पानातली जलेबी उचलायचा. असल्या माणसाशी वाद तरी कसा घालायचा?

एकदा मी हट्टाला पेटून फ्रेमवर्कवर अख्खी साइट उभी करून नेली. पंचांगाचा भागही आयता जोडला होता. त्यानं चष्मा चढवला आणि पहिल्यांदा माझ्या वडिलांची, म्हणजे त्याच्या मामांची, वद्य पक्षातली तिथी टाकली. ती महिनाभर आधी आली. आयता भाग उत्तरेच्या महिन्यांचा होता! नरूदादा पोट धरून हसला. "मामा? आणि वेळेच्या आधी? अगं, ते स्वतःच्या लग्नाला लेट पोचले होते!" मग डोळे पुसून माझ्या लॉगिनचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिला. "पण हे मस्त केलंस यार... हे माझ्याच्यानं नसतं झालं." एवढं कबूल करूनही त्यानं ठरवलं काहीच नाही. बघू, म्हणाला. बघू बघू म्हणता तो गेला.

तेराव्यानंतर इथल्या मराठी मंडळाची माणसं माझ्याकडे आली. जुनं ठेवायचं की नवं करायचं? आता ठरवणारी मी एकटीच. राग आला मला त्याचा, खोटं कशाला बोलू. चांगला धडधाकट माणूस, एक उत्तर तरी देऊन जायचं होतंस ना रे!

मी त्याचा कोड उघडला. डोकं फुटलं, अगदी कबूल केल्याप्रमाणे. एकाच फाइलमध्ये फॉर्म, हिशेब, संदेश, सगळी खिचडी. पण महिना मोजायचा भाग लागला आणि मी थांबले. तो भाग स्वच्छ होता, वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावं तसा, एकही पायरी न गाळता. त्यातल्या एका खुणेचं नाव त्यानं 'दक्खन' ठेवलं होतं. ती 'हो' असली की महिना अमावास्येला संपतो. ती 'नाही' करायची सोयच त्यानं ठेवली नव्हती. तिथे मात्र मला रडू आवरलं नाही.

मग मी ठरवलं. बाहेरचा सांगाडा माझ्या फ्रेमवर्कचा, आणि आत महिना मोजणारा त्याचा भाग जसाच्या तसा, एक अक्षर न बदलता. तो असता तर म्हणाला असता, शेवटी स्वतःचंच खरं केलंस. केलं बाबा. आणि तुझंही.

गेल्या रविवारी वहिनीसमोर बसून नव्या साइटवर पहिलं नाव टाकलं ते त्याचंच. उत्तर आलं: माघ वद्य सप्तमी. त्यांच्या भिंतीवरच्या हिंदी कॅलेंडरात तो गेला त्या दिवशी फाल्गुन होता. नाव नोंदलं की घरच्यांना एक संदेश जातो. त्याचा मजकूर मी जुन्या साइटवरून न वाचताच उचलला होता. वहिनीचा फोन वाजला. तिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "कैलासवासी नरेंद्र यांची तिथी माघ वद्य सप्तमी. शंका वाटली तर केव्हाही मला फोन करा. तुमचा नरू." खाली त्याचा नंबर.

मी घाईघाईनं म्हणाले, "थांब वहिनी, ती शेवटची ओळ काढते मी."

"का म्हणून?" ती म्हणाली. "ह्यांचा फोन माझ्याजवळच तर आहे. लोक करतात. काल दोघांचे आले. मला जमलं तेवढं सांगितलं, नाही तर तुला विचारते म्हटलं." तिनं पदरानं फोनची काच पुसली. "राहू दे ती."