उपवासाला गोळी चालते का?

मंडळी, आज सूनबाईला तपासणीसाठी तलासरीच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. सहावा महिना चालू आहे. रक्त वाढलेलं नव्हतं, म्हणून सिस्टरनी विचारलं, "रक्तवाढीच्या गोळ्या घेतेस ना?"

"घेते की. उपवासाचे दिवस सोडून."

"उपवास कधी असतो?"

"सोमवार, गुरुवार, शनिवार. आणि चतुर्थी."

सिस्टर हसल्या. "अगं बाई, मग गोळी घेतेस कधी?"

मलाही हसू आलं, पण काळजी वाटली. परतताना रिक्षात म्हणालो, "मी उपवासाला बीपीची गोळी घेतोच ना?"

"बाबा, तुम्हाला आजार आहे. मला कुठे आजार आहे?"

तिचंही बरोबर. काही दुखत नसताना गोळी कशाला, असं वाटणारच. म्हटलं, "पण तुझ्या पोटातल्याने कुठे उपवास धरलाय?"

संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला, दोन चिकू खाल्ले आणि सोमवार असूनही स्वतःहून गोळी घेतली.

आमची ही म्हणाली, "बाकीचे उपवास आता बाळंतपणानंतर. देव काय पळून जातोय?"

मला तरी आजचा सोमवार देवाला पोचला असं वाटतं. तुमच्या घरी उपवासाला गोळी चालते का? एकदा सुनेला, लेकीला विचारून बघा.