पालिकेच्या दारातली हाक

आपण धनगराच्या घरातले आहोत, हे मी पोलीस ठाण्यात गरजेपेक्षा जास्त वेळा सांगून ठेवलं होतं. चहा आला की माझं सुरू. आजोबांचा कळप, माणदेशातली रानं, नुसत्या खोकण्यावरून मेंढराचं दुखणं ओळखणं. खरं तर माझं सगळं लहानपण साताऱ्याच्या पोलीस लाइनीत गेलं. मेंढरांशी संबंध दिवाळीच्या सुट्टीपुरता, आणि पुढे ताटापुरता. पण हवालदाराची फुशारकी वरिष्ठांच्या बरोबर लक्षात राहते.

तेव्हा मी सांगलीकडच्या एका लहान शहरात नेमणुकीला होतो. दिवाळीनंतर पूर्वेकडचे मेंढपाळ चाऱ्यासाठी नदीकाठाला उतरतात. वाटेत तिथल्या एका माळावर त्यांचा मुक्काम ठरलेला. त्या वर्षी पालिकेला तिथे बाग करायची लहर आली. तारेचं कुंपण झालं, मधोमध सेल्फी पॉइंट झाला. मेंढपाळांनी पालिकेत बरेच हेलपाटे घातले, कुणी दाद दिली नाही. शेवटी उद्घाटनाच्या सकाळी बायकापोरं आणि अख्खा कळप घेऊन ते पालिकेच्या फाटकासमोर रस्त्यावर बसले.

नगराध्यक्ष तणतणत बाहेर आले. "साहेब, पाहुणे निघालेत! तुमच्या माणसांना लाठ्या काय चिंचा पाडायला दिल्यात?"

आमचे इन्स्पेक्टर आवाज न चढवता म्हणाले, "बायका आहेत, लहान मुलं आहेत. कुणी दगड उचललेला नाही. लाठी चालणार नाही. तुम्ही पाच मिनिटं बोला त्यांच्याशी, उठतील."

"मी रस्त्यावर येऊन बोलू? त्यापेक्षा वर फोन लावतो. संध्याकाळी तुम्ही कंट्रोलला जमा!"

कंट्रोलला जमा म्हणजे ठाणं काढून घ्यायचं आणि मुख्यालयात फोन उचलायला बसवायचं. साहेब नुकतेच बदलून आले होते, मुलगी दहावीला होती. मला त्यांची मनापासून काळजी वाटली. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही धनगरांचे ना हो? निदान मेंढरं तरी बाजूला घ्या."

इथे खरं सांगून मोकळं होता आलं असतं. मी पट्टा वर ओढला आणि म्हणालो, "त्यात काय, सर!"

पुढे एक म्हातारी काठी आडवी ठेवून बसली होती. मी म्हणालो, "आजी, जरा मेंढरं हलवा."

"तूच हलीव की. खाकी घातलीयास न्हवं?"

सगळे हसले, आणि मी इरेला पेटलो. आजोबांची एक हाक मला येत होती. ती दिली की कळप हलायचा, एवढं पक्कं आठवत होतं. आवाज लांब जावा म्हणून मी पालिकेच्या पायऱ्यांवर चढलो, तोंडाला हात लावले आणि घशातून ती लांब हाक काढली.

कळप हलला. सरळ माझ्याकडे. फाटकातून आत, माझ्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या चढून थेट सभागृहात. पाहुण्यांसाठी मांडलेले हार त्यांना फार आवडले. मी कठड्याला धरून उभा होतो.

म्हातारीला हसून ठसका लागला. "आरं येड्या, ही सांजची हाक! वाघरात घ्यायची. घरला चला म्हणलास तू त्यास्नी!"

सुट्टीत दिवसभर मी अंगणात लोळत असायचो. कळप वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, यायचा तेवढाच मी पाहिलेला.

आतून नगराध्यक्ष ओरडत होते, "काढा ही बाहेर!" साहेब म्हणाले, "ती मालकांचंच ऐकणार. बोला त्यांच्याशी."

नगराध्यक्ष खाली आले. म्हातारी म्हणाली, "बसा आदी. उभ्या माणसाशी काय बोलायचं?" ते पायरीवर बसले, पँटला लेंड्या लागल्या तरी बसले. बोलणं झालं. माळाच्या एका बाजूची तार काढायचं कबूल झालं. मग म्हातारीने जिभेने नुसतं चक् केलं आणि कळप मुकाट बाहेर आला.

उद्घाटन पुढे ढकललं गेलं. वरून फोन मात्र यायचा तो आलाच. इमारतीत मेंढरं कुणी घातली? साहेब फोनवर म्हणत होते, "माझाच हुकूम होता." मी त्यांच्या केबिनमध्ये घुसून फोनवर ऐकू जाईल असं म्हणालो, "हाक माझी होती." साहेबांचं ठाणं राहिलं. कंट्रोलला जमा झालो तो मी.

चौकशीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही हाक तुम्ही शिकलात कुठे?"

फुशारकी मारायला याहून चांगली संधी मिळाली नसती. पण मला एकदम आजोबा आठवले आणि डोळे भरून आले.

"आजोबांकडून, सर," मी म्हणालो. "पण संध्याकाळचीच येते."