पाचवा भाग

पुस्तकांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून एक मुलगी आत डोकावत होती. तिला हव्या असलेल्या गोष्टमालिकेच्या नव्या पुस्तकासाठीच मीही गेले होते.

"आजी, पाचवा भाग अजून आला नाही," दुकानदार हसले. "तुम्ही दोघी मला जगू देणार नाही."

नातवंडांनो, चौथा भाग आपण फोनवर मिळून वाचला, दर रविवारी एक प्रकरण. चोरून पुढचं वाचायचं नाही, हा आपला नियम. पुस्तक संपलं आणि रविवारचे फोनही थांबले. मी अजूनही रविवारी स्वयंपाक लवकर आटोपून फोनपाशी बसते.

"पाचवा शेवटचाच आहे हं," दुकानदार म्हणाले. मुलगी हिरमुसली.

इतके महिने मी उतावीळ होते. परतताना मात्र वाटलं, लेखकाने सावकाश लिहावं. पुस्तक येत नाही तोवर, ते आलं की तुमचे फोन पुन्हा सुरू होतील, असं मला धरून चालता येतं.