सोबत्याचा रकाना

कदम सरांमुळे मी शिकलो. शाळेतल्या नकाशाची वरची कड फाटलेली होती, म्हणून उत्तरेचा गोठलेला समुद्र ते खडूने भिंतीवरच काढायचे. काल त्या समुद्रावर जाणाऱ्या जहाजाचा अर्ज भरताना सोबत्याच्या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांच्या मुलीला फोन केला.

"उशीर केलास रे दादा. बाबांना आता अंगणातून घरात यायची वाट सापडत नाही."

आधी नोकरी, मग घर, मग मुलं. समुद्र कुठे पळतोय, म्हणत मी थांबलो होतो. माझ्या मनात सर अजून त्याच वयाचे होते.

नाव खोडलं आणि सरांना पत्र पाठवलं: "सर, एकटाच जातोय. परत आलो की तुमच्याजवळ बसून सगळं सांगेन. मी कोण ते आठवलं नाही तरी चालेल, फक्त ऐका."