मानाच्या जागी रोही

आयुष्यात मी एकाच जिवावर नेम धरून दगड मारला, आणि तो जीव माझा सगळ्यात लाडका होता. लोक अजून विचारतात, का मारला म्हणून. तर सांगते. नातसून लिहून घेते आहे. ती पुण्याकडची, माझं 'मले' खोडून 'मला' करते. करू दे बापडी. माणसं जे बोलली ते मात्र मी तिला खोडू देणार नाही.

आमचं गाव अकोटच्या अलीकडं. त्या सालांत सातासमुद्रापार कुणाची तरी लढाई जुंपली होती, आणि विलायतेतल्या गिरण्यांचं आमच्या कापसावाचून अडलं होतं म्हणे. लढाई त्यांची, खुळं झालं आमचं गाव. लोकांनी ज्वारी सोडून कापूस पेरला. माझ्या सासूची परसातली वांगी उपटून तिथंही कापूस लावला. केसांत कापूस, पिठात कापूस, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस. वऱ्हाडातला जो बैल चार पायांवर उभा राहू शकत होता तो अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या वाटेवर गाडीला जुंपलेला. मागून मिळत नव्हता, शोधून मिळत नव्हता. हे ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आमचे हे माघात कापसाची गाडी घेऊन अमरावतीला गेले ते दोन बैल घेऊन, आणि परत आले ते एक बैल आणि एक रोही घेऊन. थोरला बैल परतीच्या वाटेवर रोगानं गेला. यांनी रिकामी गाडी दुसऱ्याच्या गाडीमागं बांधली आणि उरलेला बैल नुसता चालवत आणला. दर्यापूर मागं टाकल्यावर झुडपातून कळपाला चुकलेला एक रोही, पुण्याकडं ज्याला नीलगाय म्हणतात तो, बाहेर आला आणि त्या बैलाच्या शेजारी, मेलेल्याच्या जागी, पाऊल टाकत चालू लागला. हाकलला तरी जाईना. दीड-दोन वर्षांचा नर, अंग अजून तांबूस, शिंगं बोटभर. दारात येऊन यांनी पहिल्यांदा हेच सांगितलं की हा आपणहून आला आहे, यात माझा काही दोष नाही. माझी सासू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. तिनं बैलाच्या पायांवर पाणी घातलं आणि त्याच ओघात रोह्याच्याही घातलं.

रोही म्हणजे रानटी जनावर. माणसाची चाहूल लागली की चार शिवारं ओलांडून जातं. हा मात्र माणसांसाठी वेडा. कळप नाही तर तुम्ही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. बायका विहिरीवर निघाल्या की हा मागं. चावडीत बैठक बसली की हा खांबाशी उभा, आणि जो बोलेल त्याच्याकडं कान वळवायचा. इतकं लक्ष देऊन ऐकणारं आमच्या गावात दुसरं कोणी नव्हतं. परगावच्या गाड्या आल्या की वेशीपर्यंत सामोरा जायचा, आणि गाडीवान कापसाच्या बोंदऱ्यांवर चढून बसायचे. माझ्या हातची भिजवलेली सरकी खाल्ली की माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा. मी शेण थापत असले तरी तसाच. मला तेव्हा लेकरू नव्हतं. सांगायला लाज कसली, मी त्याच्यावर जीव टाकला.

त्याची एक खोड मात्र फार वाईट. रोही रोज एकाच ठरल्या जागी लेंड्या टाकतो, त्याची जातच तशी. यानं जागा निवडली ती समोरच्या घराच्या उंबऱ्यापुढची. समोरच्यांचं आणि आमचं तीन पिढ्यांचं वाकडं. आम्हीच शिकवून धाडतो असं त्यांना वाटायचं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शिकवलं नव्हतं. पण रोज सकाळी त्या वेळेला ते ओट्यावर येऊन बसायचे, हे मी पाहिलं आहे.

वाकडं होतं ते पोळ्यावरून. पोळ्याच्या रांगेत तोरणाखाली पहिला उभा राहायचा मान आमच्या घरच्या बैलाचा. त्याच्या गळ्यात आमच्या घरची पितळी घंटा आणि डोक्यावर मखर. ती जागा एक वर्ष जरी रिकामी राहिली तरी मान समोरच्या घरी जाणार, तो कायमचा. वाटेत मेला तो नेमका मानाचाच बैल. उरलेल्याचं एक शिंग मोडलेलं, आणि व्यंगाचा बैल मानाला चालत नाही. मामाजी अकोट, अकोला, अमरावती पालथं घालून आले, बैल मिळाला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते ओट्यावर बसून रोह्याकडं पाहत राहिले. मला तेव्हाच शंका आली होती.

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या बोटभर शिंगांना हिंगूळ लागला. अंगावर झूल चढली. मखर शिंगांवर बसेना, तर माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ते हनुवटीखाली बांधलं. घंटेला नवी चामडी वादी घातली आणि गाठ मामाजींनी स्वतः मारली. मग त्याला नेऊन तोरणाखाली पहिला उभा केला. समोरच्यांनी एकच गहजब केला की हा बैल नाही. मामाजी म्हणाले, बैल नाही तर काय म्हैस आहे? पटवाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मानाच्या कागदावर 'पहिलं जनावर' एवढंच आहे, जात लिहिलेली नाही. तेवढ्यात समोरच्यांचा बैल फुरफुरला आणि रोही पुढचे दोन्ही गुडघे टेकून वाकला. रोही झुंजायच्या आधी असे गुडघे टेकतात. माहेरी रानात पाहिलेलं म्हणून मला ठाऊक होतं. पण गावाला वाटलं, यानं महादेवाला नमस्कार घातला. सगळ्यांचे हात जोडले गेले. समोरच्या घरच्या म्हातारीनं तर पुढं होऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. आता तिच्यापुढं तिच्या घरचे काय बोलणार? मान आमच्याकडं राहिला. मी तोंडाला पदर लावून गप्प बसले.

दसरा झाला आणि शिकारीचा नाद असलेल्या एका साहेबाचा तळ दोन कोसांवर पडला. नवी माणसं आली म्हटल्यावर आमचा हा सामोरा गेलाच. साहेब तंबूबाहेर अंघोळीला बसला होता. रोही त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला, साबणाची वडी खाल्ली आणि तोंडाला फेस घेऊन घरी आला. बंदूक तंबूच्या आत होती म्हणून वाचला. साहेबाचा खानसामा दूध न्यायला यायचा, तो हसत हसत सांगून गेला की साहेब आता बंदूक जवळ घेऊनच अंघोळीला बसतो. मला काही हसू आलं नाही. रोही पुन्हा जाणार हे मला दिसत होतं. बांधला तर दावं तोडायचा, कोंडला तर दाराला धडका द्यायचा.

चावडीत बैठक बसली. ज्याच्याबद्दल बैठक तोही खांबाशी उभा राहून ऐकत होता. ठरलं असं की जगवायचा तर त्याला माणसाची भीती घालायची. उद्यापासून कोणी चारायचं नाही, कोणी बोलायचं नाही, दिसला की ढेकूळ मारायचं. समोरच्या घरानं सगळ्यात आधी होकार दिला.

अहो, कसली भीती न् कसलं काय! त्याला तो खेळ वाटला. ढेकूळ पडलं की उडी मारायचा आणि दुसऱ्याची वाट बघत उभा राहायचा. मामाजींचं ढेकूळ रोज त्याच्यापासून वावभर लांब पडायचं, मग ते म्हणायचे, डोळे गेले आता. समोरची म्हातारी ढेकूळ मारायची आणि पाप लागू नये म्हणून लगेच पाया पडायला त्याच्यामागं धावायची. माझा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता, कारण माहेरी मी माळ्यावर उभी राहून, एकाही पाखराला लागू न देता, गोफणीनं पाखरं राखलेली. पण मी घरातून हललेच नाही. शेवटी आठव्या दिवशी गावानं डफडी आणि ताटं बडवत त्याला रानापर्यंत पिटाळला, आणि तो खरंच गेला. लोकांनी एकमेकांना गूळ वाटला.

गूळ तोंडात होता तेव्हाच लांबून घंटा ऐकू आली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागले. पोळ्यापासून घंटा त्याच्या गळ्यातच होती. कानांना इतकी सवय झालेली की काढायचं कोणाला सुचलं नाही. आठ दिवस गाव त्याला हाकलत होतं, आणि एवढ्या शहाण्यांत एकाच्याही ध्यानात आलं नाही! गुराखी सांगत आला की नाल्यापलीकडं रोह्यांचा कळप उतरला आहे. आमचा हा धावत त्यांच्याकडं जातो, घंटा वाजते, कळप उधळतो. हा पुन्हा मागं लागतो, ते पुन्हा पळतात. तिकडं साहेबाला तर आता डोळे मिटून नेम धरता आला असता.

मामाजी माझ्याकडं आले. सुनेशी ते कामापुरतंच बोलायचे. दारातच उभे राहिले.

"बाई, गाठ म्या मारली. तुलेच सोडवा लागन."

"कावून मलेच, मामाजी?"

"तो तुयाच जवळ येईन. अन् मंग गोफणही तुलेच चालवा लागन. तुया नेम चुकत नाही."

मी खाली बघून सरकी भिजत घातली. त्यांनाही माझ्याकडं पाहवेना.

चार दिवस मी नाल्याकाठी सरकीचं फडकं पुढ्यात घेऊन, पाठ फिरवून बसले. घंटा लांब वाजायची आणि लांबच राहायची. मला वाटायचं, नको येऊस रे. आणि आला नाही की रडू यायचं. पाचव्या दिवशी घंटा हळूहळू जवळ आली आणि हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली. त्याच्या मानेवर निळसर छटा चढायला लागली होती. पावसात भिजून वाळलेली वादी आवळली होती, तिच्याखालची कातडी सोलली होती. गाठ सुटेना, तेव्हा विळ्यानं वादी कापली. तो हलला नाही. सगळी सरकी खाऊन झाली तरी मला सोडून गेला नाही.

मी उठून चाळीस पावलं लांब गेले आणि गोफणीत दगड घातला. तो तिथंच उभा, कान माझ्याकडं. मी सोडला. डाव्या डोळ्याच्या वर लागला. तो मान हलवून पुन्हा बघायला लागला, मला काय हवंय ते कळत नसल्यासारखा. मी दुसरा मारला. तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. मग तो पळाला. घंटा नव्हती, त्यामुळं कुठवर गेला तेही मला कळलं नाही. मी तिथंच बसून गळा काढून रडले.

साहेब पंधरा दिवस बंदूक घेऊन फिरला. जाताना खानसाम्यानं सांगितलं, साहेब म्हणतो इकडचे रोही भलतेच भित्रे, टप्प्यात येतच नाहीत.

पुढच्या सालच्या वेचणीला मी नाल्याकडच्या शेतात होते. पलीकडं कळप चरत होता. त्यात एक निळा नर, डाव्या डोळ्यावर पांढरा व्रण. मी उभी राहिले. हात रिकामे होते. बाकीच्यांनी अजून माना वर केल्या नव्हत्या. त्यानं केली, मला पाहिलं, आणि सुटला. कळप त्याच्यामागं निघाला.

घरी येऊन मामाजींना सांगितलं. ते ओट्यावर बसले होते.

"तुले वयखलं त्यानं?"

"वयखलं म्हनून त पयाला."

मग ते म्हणाले, "पयला कोन होता, बाई? सगयायच्या समोर?"

"तोच होता, मामाजी."

त्यांनी मान डोलावली आणि शेल्यानं डोळे पुसले. त्या साली पोळ्याला नवा बैल पहिला उभा होता, पण घंटा मामाजींनी त्याच्या गळ्यात बांधली नव्हती. ती अजून माझ्याजवळ आहे. आत चिंधी कोंबून ठेवली आहे, वाजू नये म्हणून.