कोपऱ्यातली बाळंतीण

एका माशाला आईपण शिकवायचं काम मी गेल्या वर्षी अंगावर घेतलं होतं. मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, मी पंचावन्न वर्षांचा. दोघांपैकी कोणी काही शिकलं असेल तर तो मासाच.

झालं असं की डॉक्टरांनी माझं बीपी बघून सांगितलं, "रोज थोडा वेळ मासे बघत बसा." (कोकणातल्या माणसाला मासे नुसते बघत बसायला सांगणारा डॉक्टर कुठल्या कॉलेजातून पास होतो, देव जाणे!) मी लगेच क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीत गेलो. तिथल्या दुकानदाराने मला एक जोडी दाखवली. नर निळसर, शेपटीला लाल ठिपके, अगदी लग्नाला निघाल्यासारखा. मादी मळकट.

"साहेब, हे बुटके सिक्लिड. बाकीचे मासे अंडी टाकून मोकळे होतात. ही आई पिल्लांना बोट धरून फिरवते! फक्त एकच, घरात शांती मंगता."

"शांती आहे," मी म्हणालो. माणूस हौसेच्या भरात काहीही बोलतो.

आमच्या घरात शांत कोपरा एकच होता आणि तिथे आईची खाट होती.

आमची लालबागची चाळ पडून टॉवर झाला आणि आम्ही अठराव्या मजल्यावर आलो. बाबा गिरणीत होते, ते टॉवर बघायला राहिले नाहीत. आई राहिली. ती गणपतीपासून शिमग्यापर्यंत माझ्याकडे असते आणि शिमग्यापासून गणपतीपर्यंत धाकट्या सुहासकडे, डोंबिवलीला. ही वाटणी आम्ही दोघा भावांनी एका बैठकीत, अजिबात न भांडता केली, याचं नातेवाइकांत फार कौतुक झालं. (आईला विचारायचं तेवढं राहून गेलं.)

तर टाकी कोपऱ्यात गेली आणि खाट किचन आणि बाथरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये आली. "आई, तुला बाथरूम जवळ पडेल," मी सांगितलं. खोटं नव्हतं! खाटेवरून हात लांब केला की नळच हाताला लागायचा.

आई टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबल्या, ह्यो मासो खावचो नाय?"

"नाही गं, पाळायचा."

"मगे हाडलंस कित्याक?"

कशाला आणला ते मी डॉक्टरांवर ढकललं.

पहिल्यांदा मादीने अंडी घातली ती दिवाळीत. मी ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. दुसऱ्या दिवशी बघतो तर अंडी गायब आणि मादीचं पोट टम्म! आई म्हणाली, "खाल्ल्यान गो बाय. भुकेजली असतली." मी मात्र मोबाइलवर वाचून काढलं की पहिलटकरणीला असं होतं, घाबरली की ती स्वतःची अंडी खाते. तिला आडोसा द्या, उजेड कमी करा, लुडबुड करू नका. त्यातलं शेवटचं सोडून मी सगळं केलं.

आडोशाला नारळाची करवंटी उपडी घालून तिला दार कापायचं होतं. मालवणी घरात करवंटीला काय तोटा! आईने त्याच दिवशी खोबरं खवून सोलकढी केली होती. त्यातली करवंटी मी उचलली, दार कापलं आणि थेट टाकीत सोडली. आधी ती चांगली उकळून घ्यायची असते, हे मी नंतर वाचलं. संध्याकाळपर्यंत पाण्यावर खोबरेल तरंगायला लागलं. अंड्यांची दुसरी खेप त्या तेलात गेली.

"फोडणी तेवढी ऱ्हवली," आई म्हणाली.

तिसऱ्या खेपेला मी जिद्दीला पेटलो. करवंटी तासभर उकळली. टॉवरच्या गेटवरच्या बदामाखाली वाळकी पानं गोळा केली, ती पाण्यात सोडली की माशांना बरं वाटतं म्हणतात. (वॉचमनने माझ्या बायकोला बोलावून विचारलं, "साहेब बरे आहेत ना?") पाणी चहासारखं झालं. तिन्ही बाजूंनी काचेला वर्तमानपत्र लावलं. घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद. आईची संध्याकाळची सिरीयलही बंद.

"अहो, त्यांचा तेवढाच विरंगुळा आहे," स्मिता, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"आवाजाने मादी बिथरते! आईपण नाजूक असतं, स्मिता."

हे वाक्य मी आईच्या देखत म्हणालो. पुढचंही देखतच. "आणि आई, तुला खोकायचं असेल तर जरा किचनचं दार लावून खोक."

आई खाटेवरून उठली. "दोन पोरां वाढवलंय मी दहा बाय बाराच्या खोलयेत. खाली भोंगो वाजा, वर भांडणां. माका कोणी पेपर लावूक नाय हो!" असं म्हणून ती किचनमध्ये गेली, दार लावलं आणि खोकली.

यावेळी मात्र चमत्कार झाला. अंडी फुटली. मळकट मादी लख्ख पिवळी झाली, हळदीच्या नवरीसारखी! करवंटीच्या दारात पिल्लांचा धुरळा आणि पुढे ती. ती थांबली की पिल्लं थांबत, ती निघाली की निघत. माझे डोळे भरून आले. नर जवळ आला की ती त्याला ढुशा मारायची, म्हणून मी त्याला बादलीत हलवला. बादली आईची आंघोळीची होती, पण मोठी तीच होती.

पिल्लांना खायला कोळंबीची अगदी बारीक, ठिपक्याएवढी पिल्लं लागतात. ती मी ओट्यावर मिठाच्या पाण्याच्या बाटलीत विकतच्या अंड्यांतून काढायला लागलो. मार्गशीर्षातला गुरुवार होता, आमच्या ताटात वरण-भात आणि भोपळा.

"माशाक कोळंबी आणि माका भोपळो?" आई म्हणाली. तरी तिनेच दिवा लावला, टाकीसमोर नारळ ठेवला आणि खास गावचं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या माज्या झिलान हौसेन जा काय मांडल्यान आसा, ता शेवटाक ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी आणि स्मिता ओरडलो. (हळू आवाजात.)

पण त्या खेपेची पिल्लं हळूहळू कमी होत एक दिवस संपलीच. का, ते मोबाइललाही माहीत नव्हतं. मग नराला टाकीत परत आणला. शिमग्याच्या तोंडावर पुन्हा अंडी, नर पुन्हा बादलीत, पुन्हा पिवळी मादी, पुन्हा धुरळा. यावेळी पिल्लं चांगली दिसण्याइतकी मोठी झाली. आणि नेमका त्या रविवारी सुहास आला. आईला न्यायला, असं मला वाटत होतं. आईची बॅग तर सकाळपासून भरून दाराशी होती.

सुहासने चहा घेतला, टाकीचं कौतुक केलं आणि घसा खाकरला. "दादा, यावेळी आईला गणपतीपर्यंत तुझ्याकडेच ठेव ना. माझं ऑफिस घरूनच चालतं आता. आईच्या खोलीत टेबल टाकलंय."

"अरे पण तुझी पाळी आहे! ठरलंय आपलं!"

"ठरलं तेव्हा कुठे माहीत होतं टेबलाचं?"

"माझ्याकडे तरी जागा कुठे आहे? घरात बाळंतीण आहे!"

"कोण?" सुहास उडालाच. स्मिताकडे बघायला लागला! स्मिताने टाकीकडे बोट दाखवलं.

"माशासाठी तू आईला नाही म्हणतोस?"

"आणि तू टेबलासाठी?"

आवाज चढले. स्मिता मध्ये पडली, तिचा दोघांहून चढला. काचेवरचं वर्तमानपत्र फडफडायला लागलं, टाकी हादरली. आई पॅसेजमधल्या खाटेवर बसून ऐकत होती. पाच पावलांवर होती ती. आम्ही दोघं तिची मुलं, तिच्याविषयी भांडत होतो आणि तिच्याकडे एकानेही मान वळवली नाही.

तेवढ्यात मी ओरडलो, "थांबा! थांबा! बघा!"

मादी पिल्लांना तोंडात घेत होती. एक, मग दुसरं, मग चार एकदम.

"बघ सुहास, याला म्हणतात आई! आपला गोंगाट ऐकून पिल्लांना सुरक्षित जागी हलवतेय. आता करवंटीत नेऊन सोडेल बघ!"

आम्ही तिघंही टाकीशी वाकून बघत राहिलो. मादी करवंटीत गेली, बाहेर आली. पुन्हा चार घेतली. सोडलं एकही नाही. टाकी रिकामी झाली, मादीचं पोट टम्म झालं आणि तिने एक घोट गिळल्यासारखं केलं.

आई उठून आली होती. तिने चष्मा सारखा केला आणि टाकीत नीट बघितलं.

"बरां केल्यान," ती म्हणाली. "मोठी झाली असती, तर तिचेच वाटे घातल्यानी असते."

मग तिने बॅग उचलली. "चल रे सुहास. टेबलाखाली झोपान मी." सुहासने तिच्या हातातून बॅग घेतली, मान वर केली नाही. लिफ्टच्या दारात आई मागे वळली. वाटलं, आता मला काहीतरी लागेल असं बोलेल. "बाबल्या, त्या नराक बादलीतसून काढ रे. बापडो किती दिस थयच आसा," एवढंच म्हणाली.

दार बंद झालं. मला बाराच्या भावात विकल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं म्हणायला हरकत नाही, फार वाटलं.

नर मी टाकीत सोडला. मादीने त्याला दिवसभर चोपला. त्या आठवड्यात दोघांनाही टाकीसकट दुकानदाराकडे परत पोचवून आलो. "काय साहेब, शांती नाही?" त्याने विचारलं. मी बीपीची गोळी खाल्ली.

घरी येऊन खाट पुसली, कोपऱ्यात लावली, वर धुतलेली चादर घातली, टीव्ही तिच्या समोर फिरवला आणि डोंबिवलीला फोन केला. "आई, मासे परत दिले गं. तुझी खाट कोपऱ्यात लावलीय. गणपतीपर्यंत कशाला थांबतेस? कधीही ये."

पलीकडे तिची सिरीयल चालू होती. तिने आवाज कमी केला.

"ऱ्हवांदे थयच," ती म्हणाली. "फुडे तुकाच लागात."

आम्हाला मुलं दोन, दोघंही पुण्यात नोकरीला. म्हणजे वाटणीला अडचण नाही. फोन ठेवला आणि मी त्या खाटेवर सहज आडवा होऊन बघितलं. पाय बाहेर येतात. सुताराला बोलावलंय.